गरम तेलाच्या जोडापाशी डोंगरसिंग

डोंगरसिंग मिस्त्री माझ्या हार्डवेअरच्या दुकानात आला की मी कपाळाला हात लावतो. बाकीचे फिटर "पांढरी टेप द्या" म्हणतात, पाइपच्या आट्यांवर गुंडाळायचं ते रीळ घेतात, जातात. हा मोलगी गावाकडचा माणूस, गुजरातच्या कारखान्यांत वीस वर्षं पाइप जोडून आलेला. जोड गळू नये म्हणून लावायची साधी पेस्ट घ्यायची तरी उलट मलाच विचारतो, "पाइपमा काय शे? किती तापस? जोर किती शे?" मी चिडवतो, "मिस्त्री, सोयरीक जुळवताय का?" तो हसतो, पण आत काय आहे, किती तापतं, दाब किती, हे कळल्याशिवाय हलत नाही.

गेल्या थंडीत मी स्वतः हे विचारायला चुकलो. नंदुरबारजवळच्या मिरचीच्या कारखान्यातून एक जण आला. मिरच्या वाळवायच्या यंत्रातल्या गरम तेलाच्या पाइपवर दाब दाखवणारा गेज बसवायचा होता. मी चहा पीत होतो. न विचारता दोन पांढऱ्या टेपा दिल्या. ते तेल पावणेतीनशे अंशांपर्यंत तापतं, तिथं ही टेप टिकत नाही. तिसऱ्या दिवशी जोड गळला. शेजारी मिरच्या निवडणाऱ्या फुलीबाईच्या हातावर तेल उडालं.

हात बरा झाला, पण फुलीबाई कामावर येईना. बारा वर्षं तिथं मिरच्या निवडत आलेली बाई, डाग लागलेली मिरची नुसत्या वासानं ओळखणारी. आता दारापर्यंत यायची आणि परत फिरायची.

तोवर बंद ठेवलेला जोड दुरुस्त करायला कारखान्यानं डोंगरसिंगला बोलावलं. तो माझ्याकडे आला. "पांढरी टेप कोनी दिन्ही व्हती?" मी हिशोबाची वही चाळायला लागलो. लाज वाटली, खरंच वाटली. त्यानंही पुन्हा विचारलं नाही. जास्त तापमानाला टिकणारी काळी पेस्ट घेतली. मी सामान पोचवायच्या निमित्तानं मागोमाग गेलो.

त्यानं तारेच्या ब्रशनं आटे लखलखीत केले, टोकाचे दोन आटे कोरडे सोडून पेस्ट लावली, जोड आवळला आणि पूर्ण सुकू दिला. दुसऱ्या दिवशी तेल तापवायला घेतलं, तेव्हा बाही दुमडून तो जोडापाशी जाऊन बसला. मॅनेजर ओरडला. "मन्हा जोड शे, पयले मी बसस," एवढंच तो म्हणाला. गेजचा काटा चढला. थेंबही आला नाही.

फुलीबाई दारातच उभी होती. आत येईना.

माझ्यानं राहवलं नाही. "बाई, ती टेप मीच दिली होती. न विचारता. चुकलो मी."

तिनं जोडाकडे बोट केलं. डोंगरसिंग उठला आणि जागा मोकळी केली. "मंग बसा तठे, शेठ," ती म्हणाली.

मी बसलो. पाठीमागं पाइपमधून तेल वाहत होतं आणि मी मनात देवाचं नाव घेत होतो.

थोड्या वेळानं फुलीबाईनं आपली पाटी ओढत आणली आणि माझ्या शेजारी मिरच्यांचे देठ खुडायला बसली.