कडावच्या भिंतीवरची रेघ

लोक विचारतात, कागद कधी सोडलास? आणि मी इतकी वर्षं एकच उत्तर ठोकत आलेय: काळाबरोबर चालायला नको का? धादांत खोटं. काळबीळ काही नाही. माझा उजवा हात थरथरायला लागला होता.

मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढणं हा माझा धंदा. कर्जतला राहत्या घरीच, एकटीने, खिडकीपाशी टेबल टाकून. बारीक ब्रश, काळी शाई, जाड कागद. एका सकाळी कोंबड्याचा तुरा काढत होते, तर रेघ करवतीसारखी आली. वाटलं, अजून चहा झाला नाही म्हणून असेल. चहा घेतला, तर कपबशी वाजायला लागली. डॉक्टर म्हणाले, घाबरण्यासारखं काही नाही, पण हे जाणारही नाही. वा! काय दिलासा!

मग मी टॅब घेतला. त्यावर चित्र काढायच्या अ‍ॅपमध्ये एक सोय असते. एक पट्टी सरकवली की हाताची सगळी थरथर ते यंत्र पोटात घालतं आणि रेघ गुळगुळीत उमटवतं. मी पट्टी पार शेवटापर्यंत सरकवली, पहिला गोल काढला आणि रडले. प्रकाशकांना काही कळलं नाही. उलट एक जण म्हणाले, तुमच्या रेषेत हल्ली सफाई आलीय. कपाळ माझं! ती सफाई माझी नव्हतीच.

इथवर हे माझ्या एकटीचं होतं. पण तेव्हा माझी भाची माझ्याकडे शिकायला यायची. धाकट्या भावाची मुलगी, नववीत. दर रविवारी कडावहून शेअर रिक्षाने यायची, चपला दारात भिरकावायची आणि थेट ब्रश उचलायची. काय हात होता पोरीचा! म्हशीची पाठ, शिंगापासून शेपटीपर्यंत, एका रेघेत काढायची आणि वर माझ्याशी गप्पाही मारायची. मला तसं कधीच जमलं नाही. हात धड होता तेव्हाही नाही.

चहाचा कप मी डाव्या हाताने धरायचे, पण तिच्यासमोर ब्रश धरायचा म्हणजे हात दिसणार. म्हणून मी तोंड चालवलं. "शाईला आता कोण विचारतं गं? एक चूक झाली की बसा बोंबलत. टॅबवर बघ, एक टिचकी मारली की चूक गायब." ती म्हणाली, "पण मला ब्रशच आवडतो, आत्या." मी फिसकन हसले. हसण्यासारखं काय होतं त्यात? पण ती खजील झाली आणि वर्षभरात तिने ब्रश गुंडाळून माळ्यावर टाकले. मी माझा जुना टॅब तिला दिला. ती पट्टी शेवटापर्यंत सरकवलेली, तशीच. तिला वाटलं, हे असंच असतं.

कॉलेज करून ती कुंभिवलीजवळच्या एका कारखान्यात लागली. खोक्यांवर छापायची डिझाइन करायची: आंबे, मसाले, बिस्किटं. नीटनेटकं काम, पण कुणीही केलेलं असू शकेल असं. मी गावभर सांगत फिरायचे, माझी शिष्या हो! आणि घरी येऊन तिची ती खोकी कपाटात मागे सारायचे.

यंदा तिचं लग्न ठरलं. आमच्याकडे लग्नघराच्या दर्शनी भिंतीवर चित्र काढतात. दारावर गणपती, दोन बाजूंना भालदार, केळीचे खांब आणि नवरा-नवरीची नावं. भावाच्या लग्नात ते मीच काढलं होतं. त्याचा फोन आला. "ताई, भिंत रंगवून ठेवलीय. ते फ्लेक्स-बिक्स नाय लावायचं मला. तूच ये."

मी म्हटलं, "अरे, नवरीच काढेल की! एवढी डिझायनर!"

"ती म्हणते, मला नाय येत."

दुसऱ्या दिवशी सकाळी कडावला पोचले. भिंत पांढरीशुभ्र, डब्यात गेरू कालवलेला, भाची शिडी धरून उभी. "येत नाही म्हणजे काय गं?" मी खेकसले.

"खरंच नाय येत, आत्या. परवा करून बघितलं. हात कुठे वळवायचा, कुठे थांबवायचा, काय कळत नाय. तू रेघ काढ, मी रंग भरते."

नाही म्हणायला हवं होतं. पण मी चढले शिडीवर. वाटलं, देवाचं काम आहे, निभेल. सोंडेपाशी ब्रश टेकवला आणि भिंतीवर जे उमटलं ते भर उन्हात आख्ख्या आळीला दिसत होतं.

"आत्या, तुझा हात हलतोय?" तिने मला खाली उतरवलं. ओट्यावर बसवून पाणी दिलं. "कधीपासून?"

"तू नववीत होतीस तेव्हापासून."

ती भिंतीकडे वळली. मग हळूच म्हणाली, "हलत होता तो तुझा हात. मग माझा ब्रश कशाला सोडवलास?"

लाज वाटत होती गं, असं म्हणून सुटता आलं असतं. अर्धं खरंही होतं ते. पण तिच्या तोंडावर आणखी एक थाप मारवेना. "तुझी रेघ बघवत नव्हती मला," मी म्हटलं. "माझी जात होती आणि तुझी येत होती. जळले मी तुझ्यावर."

खरं बोललं की हलकं वाटतं म्हणतात. मला तर उठून कुठे तरी तोंड लपवावंसं वाटलं. ती ओरडली असती, ब्रश फेकला असता, तर बरं झालं असतं. तिने ओलं फडकं घेतलं, माझी सोंड पुसली आणि स्वतः शिडीवर चढली. रेघ वाकडी आली. पुसली. पुन्हा काढली, पुन्हा पुसली. मला जा म्हणाली नाही, बस पण म्हणाली नाही. दुपारपर्यंत कसाबसा एक गणपती झाला, बेंगरूळ, एका अंगाला कललेला. भाऊ बाहेर येऊन म्हणाला, "भारी झालाय की गं!" ती ब्रश धुवायला गेली.

लग्न छान झालं. ती आता कशेळ्याला सासरी असते. आठवड्यातून एकदा न चुकता फोन करते, जेवलीस का विचारते, गोळ्या घे म्हणून दम देते. मी चित्रांचा विषय काढला की म्हणते, "आत्या, गॅसवर दूध ठेवलंय," आणि फोन ठेवते.