शिगेची वाटी

नव्वदच्या दशकात मंगळवार पेठेतल्या घरात आम्ही दोघी जावा दिवाळीचा फराळ करायचो. थोरल्या जाऊबाईंच्या चकलीचं कौतुक सुरू झालं की माझ्या पोटात दुखायचं. त्यांची भाजणी वाटीने मोजलेली असे: चार वाट्या तांदूळ, दोन हरभरा डाळ, एक उडीद डाळ. माझा विश्वास काट्यावर. एका वर्षी मी त्यांच्याच वाटीने एकेक जिन्नस भरून तोलला आणि तेवढे ग्रॅम घेऊन भाजणी केली. चकल्या मऊ पडल्या.

पुढच्या दिवाळीत मी त्यांच्या शेजारी जाऊन बसले. डाळींच्या वाट्या सपाट होत्या, तांदळाची प्रत्येक वाटी मात्र शीग लावून, वर ढीग येईपर्यंत भरलेली.

"अक्का, तांदळालाच शीग का?"

"तांदळाचं माप सपाट भरायचं? आमच्या मुरगुडात न्हाय बाई असलं करत!"

सपाट वाटीत तांदूळ एकशे तीस ग्रॅम बसत होते, शिगेच्या वाटीत एकशे सत्तर. त्या वजनाने मी वेगळी भाजणी करून घाणा काढला. चकली कुरकुरीत झाली. सासूबाईंनी एक मोडून खाल्ली.

"थोरलीनं केली व्हय?"

"न्हाय, मी केली."

"तरीच," त्या म्हणाल्या, "मीठ जरा कमी हाय."