आमदार ‘ओळखलं नाही’ म्हणाला तेव्हा

त्या दुपारचा विषय निघाला, की निवृत्त होऊनही माझी पाठ आपोआप ताठ होते. जयपुरात वैशालीनगरचा परिसर माझ्या पोलीस ठाण्याकडे होता. माझे वडील इथल्या लष्करी छावणीत आचारी, मूळचे साताऱ्याकडचे. घराण्यातला पहिला बी.ए. मी. हे मी आजही छाती काढून सांगतो.

ठाण्यात एका मराठी काकूंचा फोन आला. “साहेब, शेजारची मुलगी दिल्लीला नोकरीला निघालीय. आपल्याकडचे एक माजी आमदार आहेत ना, त्यांच्या माणसाबरोबर. गाडीत बसताना रडत होती हो. आता फोन लागत नाही.”

मुलीचे वडील बँकेत अधिकारी. ते माझ्यावरच उखडले. “अहो, आमदार राहिलेला माणूस! आमच्या गणपतीची आरती केलीय त्यांनी!”

आमदारांना आम्ही राजा पार्कातल्या गेस्टहाऊसमधून चहाला म्हणून ठाण्यात आणले. कडक इस्त्रीचे पांढरे कपडे, शांत चेहरा. चौकशीत गडी अडखळेना. आधी सरपंच, मग सभापती, मग आमदार. कुठल्या मोर्चात लाठी खाल्ली, कुठल्या धरणासाठी सभागृहात रात्र काढली, सगळे तोंडपाठ. त्या नावाचे माजी आमदार खरेच होते, पण त्यांचा एकच जुना, पुसट फोटो मिळाला. विधिमंडळाला सुट्टी. वरिष्ठ फोनवर म्हणाले, “सोच लो. खरा निकला तो हम दोनों गए.”

आणि गाडी दिल्लीच्या दिशेने पळत होती. त्या गर्दीत शिरल्यावर मुलगी हाती लागणे कठीण होते.

सिव्हिल लाइन्समधल्या मंत्र्यांच्या बंगल्यांवर मी अनेक वर्षे बंदोबस्त केला होता. तिथले एकेक पुढारी नमुने डोळ्यांपुढे आले, आणि मी छावणीतल्या माझ्या सुभेदार मित्राला बोलावले. पक्का कोल्हापूरकर. तो आत शिरला आणि थेट आमदारांच्या पाया पडला.

“साहेब, ओळखलंत का? तुमच्याच तालुक्यातला की मी!”

“नाही बुवा. कोण आपण?”

मी टेबलावर थाप मारली. “ऊठ!”

तो दचकून उभाच राहिला.

“मतं मागून निवडून आलेला माणूस कधी ‘ओळखलं नाही’ म्हणतो? खरा असता तर खांद्यावर हात टाकून म्हणाला असता, ‘अरे, घरचे बरे आहेत ना?’ गाडी कुठाय ते बोल!”

घाम फुटला आणि तोंडही उघडले. त्या माजी आमदारांचा तो जुना ड्रायव्हर. साहेबांची सगळी कारकीर्द त्याने गाडीत ऐकली होती. पण साहेब गर्दीत उतरले, की हा गाडीतच बसून राहायचा. माणसांना भेटतात कसे, ते त्याने पाहिलेच नव्हते.

बिनतारीवर गाडीचा नंबर गेला. दिल्ली रस्त्यावरच्या टोलनाक्यावर गाडी अडवली. मुलगी मागच्या सीटवर होती, सुखरूप. ठाण्यात आल्यावर सगळी हकीकत ऐकून मला म्हणाली, “अंकल, मतलब... नोकरी नव्हतीच?” तिचे वडील माझ्याकडे न बघता नुसते हात जोडून उभे होते.

त्या प्रकरणाने मला शिकवले, की माणसाचा इतिहास कोणीही पाठ करू शकतो. सवय पाठ होत नाही. तेव्हापासून चौकशीत मी उत्तरांपेक्षा वागण्याकडे जास्त पाहू लागलो.

परवा राजा पार्कात एका तरुण बाईने माझी स्कूटर थांबवली. “अंकल, ओळखलंत?”

“नाही,” मी म्हणालो.

ती खळखळून हसली. “मतलब, तुम्ही पण आमदार नाही!”