गोडलिंबाचा डबा

शेजारून गोडलिंबाच्या फोडणीचा वास आला, की लातुरात न झालेलं आमचं घर आठवतं. इसार दिला होता, पण घरात वाटा असलेली मालकाची उदगीरची बहीण खरेदीखतावर सही करायला येईना. नव्या अंगणात लावायचं म्हणून पत्नीनं तेलाच्या डब्यात गोडलिंब वाढवला होता. वाट पाहता पाहता डबा गंजला, मुळं बुडातून बाहेर आली. एकदा आम्ही दोघं विचारायला गेलो, तर मालक पुन्हा म्हणाले, "येत्या दिवाळीला बहीण येऊन राहिली, ताई. घर तुमचंच हाय." "हाव, मागच्या दिवाळीपासून येऊनच राहिली की," पत्नी म्हणाली. परतताना मी म्हटलं, एवढी दिवाळी बघू. भाड्याच्या घरी येताच तिनं डबा कापला आणि रोप घरमालकाच्या भिंतीलगत लावलं. "तुम्ही बघा दिवाळी. झाडाला तरी जमीन मिळू द्या." त्यानंतर तिनं घराचा विषय कधी काढला नाही. ती वारली, मी अजून तिथंच भाड्यानं राहतो. परवा घरमालक सांगायला आले, मुळ्या भिंतीत शिरल्यात, झाड तोडावं लागंल. मी बरं म्हटलं. जमीन त्यांचीच होती.