रोझाबाईचं पान

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आणि ज्या आक्काशी या गोष्टीचा सगळ्यात जास्त संबंध आहे तिला तर नाहीच. मला ओळखणारा म्हणेल — बबन, आणि न सांगितलेली गोष्ट? जामखेडपासून सुप्यापर्यंत आमच्या नात्यातल्या कुठल्याही लग्नात, हळदीच्या दिवशी मांडवात खुर्च्यांचं रिंगण दिसलं की मधे मी असतो. मला आवाज बदलता येतो. नेमक्या जागी थांबता येतं. समोरच्याच्या हातातला चहा गार करता येतो. मग ही एकच का राहिली? नीट सांगता येणार नाही. बघू, जमतंय का.

मी सुप्याच्या एका कारखान्यात मशीनवर आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी नवं मशीन शिकायला कंपनीनं मला सहा आठवडे कॅनडाला धाडलं. काम संपल्यावर मी दोन आठवडे रजा टाकली आणि पूर्वेकडच्या समुद्राजवळचं एक छोटं खेडं नकाशात हुडकून काढलं. शहर नको, बाजार नको. तंबू ठोकायचा, रानात हिंडायचं, उघड्यावर शिजवून खायचं. जन्मभर मशीनचा खडखडाट ऐकला होता — म्हटलं, एकदा शांतता कशी असते ते बघू. तंबू घेतला, बूट घेतले, हातात धरायला काठी घेतली.

त्या दोन आठवड्यांची गोष्ट ऐकली नाही असा माणूस आमच्या नात्यात सापडायचा नाही. सकाळचं धुकं. तंबूच्या दोरीला नाक घासणारी हरणं. एकीकडे अस्वल, एकीकडे मी, आणि मधे फक्त तवा. आणि मग — रोझाबाई. निळ्या दाराच्या घरात एकटी राहणारी सत्तरीची बाई. पावसात भिजलेला माझा तंबू बघून तिनं मला घरात घेतलं, मेलेल्या मुलाचा स्वेटर अंगावर घातला. हिवाळ्यात वीस-वीस दिवस तिला माणसाचं तोंड दिसायचं नाही, तरी कधी कंटाळली नाही. निघताना तिनं माझे दोन्ही हात धरले आणि मी तिला आई म्हटलं. इथं मी थांबतो. इथं बायकांचा पदर डोळ्याला जातो.

बघा, पुन्हा रंगात आलो. कबूल करायला बसलोय आणि स्वेटरपर्यंत पोचलो.

खरं असं. मी त्या खेड्यात एक दुपार होतो. तीन तास. तंबू निम्मा उभा केला होता. अस्वल नव्हतं, अस्वलाचं चित्र असलेली पाटी होती, आणि त्या पाटीला मी भ्यालो नाही. आमच्याकडे उसात बिबट्या बसलेला असतो, तरी माणसं पाणी धरायला जातातच. मी भ्यालो ते — कसं सांगू — तिथं काहीच ऐकू येत नव्हतं. मी दोनदा खाकरलो. मग स्वतःलाच हाक मारून बघितली. कुणी वळून बघितलं नाही, कारण कुणी नव्हतंच. ऐकणारं कुणी नसलं तर मी असतो की नाही? हा काय प्रश्न झाला? पण त्या दुपारी तो मला खरंच पडला, आणि मी तंबू गुंडाळला. गाडी कुठं मिळेल हे विचारायला एका निळ्या दाराच्या घराशी गेलो. खिडकीत एक म्हातारी बसली होती. तिनं माझ्याकडे बघितलं आणि पडदा ओढून घेतला.

एवढीच रोझाबाई. एका पडद्यातून मी आख्खी आई काढली. बाकीचे दिवस शहरातल्या एका पंजाबी खानावळीच्या वरच्या खोलीत टीव्ही बघत घालवले.

इथवर असतं तर मी हे लिहिलंच नसतं. लग्नात थापा मारल्या म्हणून कुणी कबुली देत बसतं का?

आक्का माझी थोरली बहीण. दाजी गेल्यापासून जामखेडला एकटी राहायची — म्हणजे म्हणायला एकटी. दिवसभर दारात बसून रस्त्यानं जाणाऱ्या प्रत्येकाला थांबवायची. "कुठं चाललास, सून नांदती का, पिशवीत काय हाय?" तिचा मुलगा अमोल माझ्या गोष्टी ऐकत वाढला. तो कॅनडात गेला, घरात बसून कॉम्प्युटरवर करायचं काम मिळवलं, आणि आईला न्यायचं ठरलं तेव्हा त्यानं दोन जागा काढल्या. एक शहरात, जिथं शेजारी चार मराठी घरं होती. दुसरी मामाच्या खेड्यात. त्यानं आईवर सोडलं. आईनं माझ्यावर.

तिचा फोन आला तेव्हा मी एका मांडवात होतो. पंधरा-वीस माणसं भोवती, अस्वल नुकतंच येऊन गेलेलं. कुणीतरी म्हणालं, स्पीकरवर टाका. मी टाकला.

"आरं बबन, तू ऱ्हायलायस तिथं. मला करमंल का? खरं सांग."

माझ्याकडे पंधरा-वीस तोंडं लागली होती. मी उठून उभा राहिलो — फोनवर बोलायला कोण उभं राहतं? — आणि म्हणालो, "आक्का, शहरात जायचं तर नगरला येऊन ऱ्हा की. एवढ्या लांब जातीस तर माझ्या आईच्या गावाला जा." मांडवात हशा झाला, कुणीतरी पाठ थोपटली. आक्का खेड्यात गेली.

महिनाभरात तिनं विचारलं, "रोझाबाईचं घर कोनचं रं? हितं कुनालाच ठावं न्हाई." तेव्हा सांगता आलं असतं. मी म्हणालो, "गेली असंल गं. म्हातारी हुती."

नंतर अमोलनं सांगितलं, फोन ठेवून आईनं डोक्यावरून अंघोळ केली, भावानं जिला आई म्हटलं ती गेल्याचं कळलं म्हणून. आणि पितृपक्षात सर्वपित्रीला दाजींच्या पानाशेजारी तिनं दुसरं पान वाढलं. खीर, वडे, आमटी, कढी. मागच्या अंगणात नेऊन ठेवलं, पदर सावरून उभी राहिली. संध्याकाळी मला खुशीत सांगत होती, "तुझ्या दाजींच्या पानाला कावळा यायला तासभर लागला. रोझाबाईच्या पानाला लगीच शिवला बघ. बाईचं काही ऱ्हायलं नव्हतं."

मला हसू आलं. हेही लिहितो, कारण ते खरं आहे. जी जन्मलीच नाही तिचं काय राहणार? मी तोंडावर हात धरून हसलो, आणि मग हसू थांबेना, आणि मग ते हसूच आहे का तेही कळेना.

दोन हिवाळे गेले. अमोल अधूनमधून सांगायचा, आई दिवसदिवस बोलत नाही, मी दार लावून कामात असतो, ती खिडकीत बसते. पण फोटो यायचे ते वेगळेच — लुगड्यावर लाल जाकीट, हातात काठी, मागं बर्फ, आक्का हसतेय. ती खरंच मैल-मैल चालायची म्हणे. कुठली आक्का खरी? मी फोटो मोठा करून तिचे डोळे बघायचो. हसणाऱ्या माणसाच्या डोळ्यांतलं मला इतरवेळी बरोबर कळतं. हिचं कळायचं नाही.

मागच्या महिन्यात तिचा फोन आला. अमोल म्हणतोय, शहरात जाऊ, तिथं तुला बोलायला माणसं आहेत. तिचं ठरत नव्हतं. आवाज बारीक होता.

"बबन, एक इचारते. ती रोझाबाई एकटी ऱ्हायली. वीस-वीस दिस मानूस दिसायचं न्हाई म्हनायचास. तिला खरंच काही वाटायचं न्हाई का रं? का नुसती तुला तसं म्हनायची? मला वाटतं माझंच काहीतरी चुकतंय."

मी घरात एकटा होतो. बायको बाहेर गेली होती. मांडव नव्हता, कुणाचा चहा गार होत नव्हता, टाळी द्यायला कुणी नव्हतं. पहिल्या खेपेला माणसं होती म्हणून बोललो, असं मी स्वतःला ही दोन वर्षं सांगत आलो. या खेपेला काय होतं? मी शोधतोय. मला सापडत नाही.

मी म्हणालो, "न्हाई आक्का. मजेत ऱ्हायली ती. शेवटपर्यंत."

ती म्हणाली, "मंग मलाबी जमंल."

अमोल शहरातल्या घराला नको म्हणाला. तिकडे आता बर्फ पडायला लागलंय.