फोटो तुम्ही काढा

“तुम्ही जरा फोटो काढता? तुमचा अँगल छान असतो,” मेधावहिनी म्हणाल्या आणि त्यांचा फोन माझ्या हातात दिला. दुबईत अल बर्शातला त्यांच्या घरचा हॉल. मराठी मंडळाचं संक्रांतीचं हळदीकुंकू. करंडा ओळीनं फिरत आला. माझ्या अलीकडचीला कुंकू, वाण, तिळगूळ. मग पलीकडचीला. मधे मी. फोन धरून.

भिंतीवर मंडळाचा फलक. माझ्या नवऱ्यानं रंगवलेला. तो उन्हाळ्यात गेला. हार्ट अटॅक. फलक प्रत्येक फोटोत येत होता.

तेव्हा मला याच बायकांनी सांभाळलं. कागदपत्रं, डबे, सगळं. मेधावहिनी तर माझ्याजवळ झोपायला यायच्या. ते मी नाकारत नाही. म्हणूनच हे जास्त लागलं.

माझी आईही लवकर विधवा झाली. हळदीकुंकवाला ती आतल्या खोलीत चहा गाळत बसायची. मी घरातली पहिली ग्रॅज्युएट. वाटलं होतं, ते सगळं मागं टाकून आले. कुठलं काय.

नुकत्याच झालेल्या नाताळात ऑफिसातली दानुता मला तिच्या पोलिश मंडळात घेऊन गेली होती. तेही आपल्यासारखंच. सुट्टीला मुलांना पोलिश शिकवतात, कुणाचं माणूस गेलं तर धावून जातात. टेबलावर एक ताट जास्तीचं मांडलेलं. मी विचारलं, हे कुणाचं?

“अचानक येईल त्याचं. दर वर्षी मांडतो. आज तू बस.”

परक्यांच्या सणात माझं ताट होतं. माझ्या सणात माझ्या हातात फोन.

मुलगी जवळ आली. “आई, डोन्ट यू गेट वन?”

मी फोन टीपॉयवर ठेवला.

“वहिनी, मला कुंकू लावा. नाहीतर सगळ्यांसमोर नाही म्हणा. फोटो मी काढणार नाही.”

“अहो, आम्हाला काही नाही हो. पण नवीन लग्न झालेल्या मुली आहेत. उगाच कुणाच्या मनात यायला नको.”

“कुणाच्या?”

बायका वाणाच्या डब्या उघडून बघायला लागल्या.

मी मुलीला घेऊन अजमानला, घरी निघाले.

मंडळ मी सोडणार नाही. तो फलक माझ्या नवऱ्याच्या हातचा आहे. पुढच्या संक्रांतीचं हळदीकुंकू अजमानला, माझ्या घरी. बोलावणं सगळ्यांना, मेधावहिनींनाही. करंडा माझ्या हातात असेल. जिला नवरा नाही, तिला आधी. माझ्या हातचं कुंकू जिला चालत नाही, तिनं येऊ नये.