पायलट बांधावर बसलाय

ड्रोन हवेत असतो थोडाच वेळ. बाकीचा वेळ आम्ही बांधावर. बॅटरी चार्ज व्हायची वाट बघायची, वारा पडायची वाट बघायची, औषध कालवायला पाणी यायची वाट बघायची. आणि परभणीकडं रिकामा माणूस बांधावर दिसला की त्याला कुणी गप्प बसू देत नाही. लोक येतात, यंत्राला हात लावून बघतात, बोलत बसतात. त्यातून किस्से जमत जातात. पीक निघून जातं, किस्से राहतात.

आम्ही तिघं. मी पोखर्णीकडचा, वंदनाताई जिंतूरच्या आणि सलीमभाई पाथरीचे. मी आणि ताई फवारणी करतो, सलीमभाई लग्नाचं शूटिंग. ड्रोनच्या ट्रेनिंगमध्ये एका बाकावर बसलो होतो, तेव्हापासूनची दोस्ती.

* * *

वंदनाताईंचं पहिलं काम जिंतूरजवळच्या एका कापसाच्या रानात होतं. ताई सकाळीच पोचल्या. शेतमालकानं चहा दिला, सावलीत खाट टाकली आणि विचारलं, "साहेब कवा येणार?" ताईंना वाटलं, कुणी कृषी अधिकारी येणार असतील. म्हणाल्या, माहीत नाही.

मालक रस्त्याकडं बघत उभे राहिले. इकडं ताईंनी औषध कालवलं, टाकी भरली, शेताच्या कडेनं चालून हद्द मोबाईलवर घेतली आणि ड्रोन उडवला. मालक मधूनमधून वळून बघायचे आणि परत रस्त्याकडं तोंड करायचे. अर्धं रान फवारून झालं, तेव्हा कुठं ताईंच्या डोक्यात प्रकाश पडला की मालक ड्रोन उडवणाऱ्या साहेबांची वाट बघायलेत. त्यांनी तसंच काम पुरं केलं, पंखे दुमडले, सामान गाडीत ठेवलं.

मालक जवळ आले. रिकाम्या टाकीकडं बघत म्हणाले, "ताई, आता साहेब आले काय अन् न्हाई आले काय."

पुढच्या फवारणीला त्यांनी ताईंनाच फोन केला. साहेबांचं नावही काढलं नाही.

* * *

सलीमभाईंचा किस्सा पाथरीच्या एका लग्नातला. हल्ली लोकांना ड्रोनचं शूटिंग पुरत नाही, हारसुद्धा आभाळातून आलेला हवा असतो. दोरीला हार बांधायचा, नवरीच्या डोक्यावर न्यायचा आणि रिमोटनं हूक सोडायचा. सलीमभाईंनी घरी गच्चीवर लय वेळा सराव केला होता. तिथं वारा नव्हता.

इथं हार हवेत गेला आणि वारा सुटला. ड्रोन हलायला लागला, हूक आपोआप सुटला आणि हार निघाला थेट आचाऱ्यांच्या चुलीकडं. सलीमभाई म्हणतात, त्या क्षणी मला माझा धंदा चुलीत जाताना दिसला.

नवरी कॉलेजात कबड्डी खेळायची. ती शालूचा सोगा धरून स्टेजवरून उतरली, चार उड्यांत तिथं पोचली आणि हार एका हातानं वरच्यावर झेलला. एक फूलसुद्धा गळालं नाही. मांडव टाळ्यांनी दणाणला.

नवरीचा हात पोचू नये म्हणून मित्रांनी नवरदेवाला खांद्यावर उचलून धरलं होतं. ती हार घेऊन परत स्टेजकडं यायला लागली, तसं त्यांनी त्याला गुपचूप खाली ठेवलं.

* * *

किसनमामा आमच्याच गावचे. पाठीवर पंप घेऊन लोकांच्या रानात फवारणी करायचे, त्यावरच घर चालायचं. गावात पहिल्यांदा मी ड्रोन उडवला, तेव्हा सगळे वर बघत होते आणि मामा माझ्याकडं. गर्दी पांगल्यावर जवळ आले. आवाज चढवला नाही.

"आता आमी काय करायचं?"

मी मान खाली घालून वायरी गुंडाळत राहिलो. रात्री जेवण गोड लागलं नाही.

पण या कामाला एकटा माणूस पुरत नाही. विजेच्या तारा, झाडं, मधेच रानात शिरणारं जनावर, यांच्याकडं पलीकडच्या टोकाला उभं राहून कुणीतरी बघावं लागतं. दुसऱ्या दिवशी मी मामांच्या घरी गेलो आणि म्हणालो, माझ्यासोबत चला. मामांनी बराच विचार केला आणि चपला घातल्या.

त्या हंगामात आम्ही बरीच गावं केली. दिवाळीला त्यांच्या घरी फराळाला गेलो, तर मामी म्हणाल्या, "आधी फवारून आले की अंगाला औषधाचा वास यायचा. आंघोळ केल्याबिगर मी नातीला जवळ जाऊ देत नव्हते. आता बग."

मामा कामावरच्या कपड्यांतच ओसरीत बसले होते. नात मांडीवर झोपली होती.

* * *

आता माझा स्वतःचा.

माझ्या लग्नाचं बघायला लागले, तेव्हा मध्यस्थी मावसोबांची. मावसोबांनी परभणीतल्या एका घरी सांगून ठेवलं, मुलगा पायलट आहे. पुढचं काही सांगितलं नाही. आम्ही मुलगी बघायला गेलो, तर अख्खी गल्ली दारात. मुलीचे वडील नोकरीतून रिटायर झालेले, स्वभावानं शांत. मुलगी दवाखान्यात नर्स. वडिलांनी अदबीनं विचारलं, "ड्यूटी कुठं असती? हैदराबाद का मुंबई?"

मी म्हणालो, "सध्या पोखर्णी शिवारात."

मावसोबा पोहे खात राहिले. आईनं पदर सारखा केला. मी सगळं सरळ सांगून टाकलं. ड्रोन म्हणजे काय, ट्रेनिंग कुठं केलं, सर्टिफिकेट कसलं. वडिलांनी सगळं ऐकून घेतलं आणि नेमकं दुखतं तिथं बोट ठेवलं.

"पावसाळा सरल्यावर काय उडवता?"

तेही सांगितलं. हरभऱ्यावर, तुरीवर फवारणी मिळते. लग्नसराईत दोस्ताच्या हाताखाली शूटिंग करतो. जमिनीच्या मोजणीचं काम शिकायलोय. काही महिने चांगले जातात, काही महिने नुसतं फोनकडं बघत बसावं लागतं. पण दरवर्षी नवीन गावं बोलवायलेत.

वडील हो म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत. मला वाटलं, उठायची वेळ झाली. तेवढ्यात इतका वेळ गप्प बसलेली मुलगी बोलली.

"ते उडवताना तुमी खालीच असता ना?"

"हो. जमिनीवर."

"अन् ते पडलं तर?"

"यंत्र मोडतं. मला काही होत नाही."

तिनं माझ्याकडं नीट बघून घेतलं. मग वडिलांकडं वळून म्हणाली, "बाबा, विमानापेक्षा हेच बरं हाय."